अनावश्यक विराम

माघ लागला की निपाणीत शिरणाऱ्या बसच्या खिडक्या एकेक करून बंद होतात. थंडी तोवर ओसरलेली असते, तेव्हा कारण थंडीचं नसतं. हवेत तंबाखूचा खकाणा असतो. तो दिसत नाही, पण नाकाच्या मुळाशी जाऊन बसतो. नवखा प्रवासी पाच-सहा वेळा शिंकतो, डोळे पुसतो आणि शेजाऱ्याकडे तक्रारीच्या नजरेने बघतो. शेजारी गावचाच असेल तर हसतो. आम्हाला शिंक येत नाही. याच वासात आम्ही शाळेच्या बाकांवर बसून पाढे म्हटले, घरातली लग्नं झाली, मरणंही झाली. नोकरीसाठी बेळगावला खोली घेतली तेव्हा पहिल्यांदा मला तो वास म्हणून कळला. गावात असताना ती नुसती हवा होती.

परवा शनिवारी घरी येताना खिडकी ओढायला हात वर केला आणि मांडीवरच्या फोनवर कंपनीचा मेल आला. तुमच्या इंग्रजी प्रमाणपत्राची दोन वर्षांची मुदत या महिनाअखेर संपते, परीक्षा पुन्हा देऊन नवं प्रमाणपत्र सादर करावं, अन्यथा परदेशी ग्राहकांशी बोलण्याचं काम आपल्याकडे ठेवता येणार नाही. माझ्या नोकरीत त्या कामावाचून दुसरं काही नाही. ते गेलं की करार संपला. मेलमध्ये एकही चूक नव्हती. ‘वी रिग्रेट’ जिथे यायला हवं तिथेच आलं होतं. असली वाक्यं मीही पाठ केलेली आहेत. मी खिडकी बंद केली आणि काचेवर डोकं टेकून बसले.

म्हणजे दोन वर्षं झाली. घरात कुणी तसं बोलून दाखवलं नव्हतं, ते त्या मेलने सांगितलं. आप्पा, माझे वडील, याच दिवसांत गेले. तेव्हा मी याच परीक्षेची तयारी करत होते.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती परातीत गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “पुन्यांदा परीक्षा? पास झालतीस न्हवं?”

“मुदत संपली, आई.”

“इंग्लिशला बी मुदत असती व्हय?”

“असते. दोन वर्षं.”

“आपल्या मराठीला न्हाय बघ तसलं काय. कन्नडला बी न्हाय.” एक खडा उचलून तिने अंगणात टाकला. मग म्हणाली, “देऊन टाक गं. पाठ असंल सगळं.”

पाठ आहे, हेच तर दुखणं आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या हंगामात मी दर रविवारी बेळगावच्या खडेबाजारात इंग्रजीच्या क्लासला जात होते. खाली कापडाचं दुकान, वर लाकडी जिना, आणि जिन्याच्या शेवटी एक लांबट खोली. खोलीला एकच खिडकी, तीही दुकानाच्या पाटीने अर्धी झाकलेली. पाटीच्या मागून दुपारचं ऊन चौकोनी होऊन आत यायचं आणि चार वाजेपर्यंत जमिनीवरून फळ्यावर चढायचं. आम्ही बाराजण होतो. कुणी बँकेतलं, कुणी इस्पितळातलं, दोघं-तिघं माझ्यासारखे कारखान्यातले. आमच्या कारखान्यात पंपांचे सुटे भाग तयार होतात. मी माल रवाना करणाऱ्या विभागात होते. गेटवर कन्नड, कामगारांशी मराठी, ट्रकवाल्यांशी हिंदी, असं माझं सुरळीत चाललं होतं. मग माल परदेशी जाऊ लागला, आणि साहेबांनी सांगितलं, प्रमाणपत्र आणलं तर फोनच्या टेबलावर कायम, नाहीतर मार्चनंतर बघू. ‘बघू’ या शब्दाचा अर्थ आमच्याकडे लहान मुलांनाही कळतो.

क्लासमुळे तीन महिने माझं शनिवार-रविवारचं घरी येणं बंद झालं. शनिवारी उशिरापर्यंत काम, रविवारी क्लास, सोमवारी पुन्हा काम. खोलीवर मी आरशासमोर उभी राहून बोलायची. ‘विथ रेफरन्स टू युवर मेल.’ ‘प्लीज फाइंड अटॅच्ड.’ ‘आय विल गेट बॅक टू यू.’ या वाक्यांना चव नव्हती आणि वासही नव्हता. ती धुतलेल्या काचेच्या पेल्यांसारखी होती, कुणीही काहीही प्यावं अशी. लहानपणापासून मी पुस्तकांत राहिलेली मुलगी. भाषा म्हणजे मला घर वाटायची. इथे भाषा म्हणजे उपाहारगृहातलं टेबल होतं. बसा, उठा, पुढच्याला जागा द्या.

सर खानापूरकडचे, पन्नाशीचे. तिन्ही भाषांत हसवायचे. पहिल्याच रविवारी त्यांनी विचारलं, “अनोळखी नंबरवरून फोन आला की तुम्ही काय करता?”

महांतेश नावाचा एकजण बँकेतला होता. तो म्हणाला, “उचलतो, सर.”

“उचलून?”

महांतेश गप्प.

“बघा! हेच करता. फोन उचलायचा आणि मांजरासारखं कान टवकारून बसायचं. पलीकडचा ‘हेळ्री’ म्हणाला की आपण कन्नड काढायचं, ‘बोला’ म्हणाला की मराठी. आणि पलीकडचाही इथलाच निघाला तर? तोही गप्प! अर्धा बेळगाव जिल्हा एकमेकांचा श्वास ऐकत बसलाय!”

आम्ही हसलो, कारण ते खरं होतं. सीमेवरच्या माणसाची ती पहिली सवय. दुकानात, बसमध्ये, सरकारी कचेरीच्या खिडकीपाशी आम्ही आधी क्षणभर थांबतो. समोरचा कुठल्या भाषेत तोंड उघडतो ते बघतो आणि मग त्याच्या भाषेत शिरतो. बाहेरच्या माणसाला हे भित्रेपण वाटतं. “परीक्षेत,” सर म्हणाले, “बीप वाजली की घड्याळ सुरू. थांबलात की गुण गेले. आधी तुम्ही बोलायचं. पलीकडे कोण आहे याच्याशी तुमचा संबंध नाही.”

आणि त्यांचाच फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला आणि गप्प उभे राहिले. एक, दोन, तीन... आम्ही बोटांवर मोजत होतो. सातव्या सेकंदाला महांतेश ओरडला, “सर, मार्क कट!” सगळा वर्ग बाकांवर हात आपटत हसला. सरही हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

त्याच दिवशी त्यांनी नियम केला. क्लास चालू असताना कुणालाही अनोळखी नंबरवरून फोन आला तर तो स्पीकरवर उचलायचा, आणि पहिली दोन वाक्यं इंग्रजीत.

आप्पा तंबाखूच्या वखारीत पारखी होते. वखार म्हणजे उंच छपराचं कोठार. त्याच्या दारात बसून, आलेला माल हातात घेऊन, वास घेऊन त्याची प्रत ठरवायची, हे त्यांचं काम. चिकोडीकडून येणारे शेतकरी कन्नड बोलायचे, कागलकडून येणारे मराठी. आप्पा दोघांनाही एकाच उद्गाराने सामोरे जायचे. “हं.”

ते ‘हं’ मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. तो प्रश्न नसायचा आणि होकारही नसायचा. शेवटी किंचित वर उचललेलं, दार अर्धवट लोटून ठेवावं तसं. ते मराठीतही चालायचं आणि कन्नडमध्येही. समोरचा माणूस मग आपल्या भाषेत बोलायला लागायचा आणि आप्पा त्याच्या मागोमाग त्या भाषेत जायचे. शाळेत असताना मी एकदा विचारलं होतं, तुम्ही आधी का बोलत नाही? ते म्हणाले, “मी आधी बोललो तर त्याला माझ्या भाषेत यावं लागतंय. येतोय बिचारा, पर अवघडतोय. माल घेऊन आलेला माणूस आधीच अवघडलेला असतोय गं. त्याला त्याच्या घरात राहू दे. आपुन जाऊ की.”

सुट्टीत कधी मी त्यांच्याबरोबर वावरात गेले, तर ते मला दुपारी पानाला हात लावू द्यायचे नाहीत. कापून पसरलेलं तंबाखूचं झाड उन्हात कडक होतं, दुपारी पान उचललं तर हातात चुरा येतो. पहाटे दव पडलं की तेच पान मऊ होतं, वाकवलं तरी मोडत नाही. “पानाला बी वेळ असती,” ते म्हणायचे. “ती ओळखली की झालं.”

क्लास सुरू झाल्यानंतर एकदाच, संक्रांतीला, मी घरी आले होते. आप्पांना म्हटलं, माझा सराव घ्या. तुम्ही परदेशातले ग्राहक, मी फोनवर. ते खूश झाले. टोपी नीट केली, मूठ कानाला लावली.

मी म्हटलं, “गुड आफ्टरनून. डिस्पॅच डिपार्टमेंट. हाऊ मे आय हेल्प यू?”

“हं,” आप्पा म्हणाले.

“आप्पा, ‘हं’ नाही. तुमचा माल पोचला नाही, असं काहीतरी बोला.”

“आगं बोलतो की. तू फुरसत तर दे. कोन हाय, कुठला हाय, त्याला जरा श्वास तर घिऊ दे.”

“तिथं तसं नसतं. आधी आपण बोलायचं.”

“मग ऐकायचं कवा?”

आई चुलीपुढून हसली. “जावा तिकडं, फेल करशीला पोरीला.” आप्पाही हसले, पण मूठ कानावरून खाली आणताना त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. त्या बोलण्यात माझा आवाज वेगळा लागत होता. सरांनीच शिकवलं होतं, आवाज पोटातून काढा, गळ्यातून नको, सावकाश आणि जाड. घरातला माझा आवाज गळ्यातलाच.

आता तो रविवार. याच्याभोवती मी दोन वर्षं फिरते आहे. लिहितानाही इतका वेळ फिरले.

साडेतीनचा सुमार असेल, कारण उन्हाचा चौकोन फळ्याच्या खालच्या कडेला आला होता. माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. महांतेश म्हणाला, “स्पीकर, स्पीकर!” सरांनी खिशातून घड्याळ काढलं. मी फोन बाकावर ठेवला, बटण दाबलं आणि एका सेकंदाच्या आत, पोटातून, सावकाश आणि जाड आवाजात म्हटलं, “गुड आफ्टरनून. डिस्पॅच डिपार्टमेंट. हाऊ मे आय हेल्प यू?”

पलीकडे गर्दीचा आवाज होता. एक हॉर्न वाजला. आणि मग, “हं.”

ओळखीचं वाटलं. मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे आणि प्रामाणिक उत्तर एवढंच आहे की ओळखीचं वाटलं. पण सरांनी बोट वर धरलं होतं, चालू ठेवा. बाराजणांचे डोळे माझ्या तोंडाकडे होते. मी दुसरं वाक्य म्हटलं, “मे आय नो हूज कॉलिंग, प्लीज?”

दोन क्षण गेले. फोन बंद झाला.

“व्हेरी गुड,” सर म्हणाले. “फक्त ‘प्लीज’ म्हणताना आवाज खाली पडू देऊ नका.” महांतेशने टाळी वाजवली. मला आनंद झाला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या क्षणी मला फार आनंद झाला होता.

क्लास सुटल्यावर जिना उतरता उतरता मी त्या नंबरवर उलट फोन लावला. पलीकडच्याने उचलला आणि गप्प राहिला. मीही गप्प राहिले. शेवटी त्याने कन्नडमध्ये कोण म्हणून विचारलं, “यार्री?” मी मराठीत बोलायला लागले तसा तोही मराठीत आला. निपाणीच्या बसस्टँडबाहेर भडंगाचा गाडा लावणारा माणूस होता तो. “ताई, तुमी आप्पांची पोरगी काय? लवकर या. दवाखान्यात न्हेल्यात.”

मी पोचले तेव्हा ते गेलेले होते. हृदय. बसस्टँडच्या बाकावर बसल्या बसल्या. त्यांच्या मोबाइलची बॅटरी संपली होती. ते मला भेटायला बेळगावला यायला निघाले होते. संक्रांतीनंतर तीन रविवार मी घरी आले नाही म्हणून आईने शेंगापोळ्या करून दिल्या होत्या. तो डबा त्यांच्याबरोबर घरी परत आला. आईने तो घासला आणि फळीवर पालथा घातला. अजून पालथाच आहे.

कंपनीला मी मेल लिहिला. ‘आय रिग्रेट टू इन्फॉर्म यू दॅट माय फादर...’ बोटं आपोआप चालली. क्लासमध्ये शिकवलं होतं की पहिल्या परिच्छेदात विषय, दुसऱ्यात विनंती, भावना कुठेच नको. नमुना इतका चोख होता की आप्पांचं मरणही त्यात नीट बसलं, काही सांडलं नाही. उत्तर आलं, ‘नोटेड.’

दिवस झाल्यावर मी परीक्षा दिली. द्यायला नको होती असं म्हणवत नाही. मार्च जवळ आला होता, आणि घरात आता माझाच पगार होता. पास झाले. बोलण्याच्या भागात सगळ्यात जास्त गुण पडले. फोनचं टेबल कायम झालं.

आणि तेव्हापासून, कामाच्या प्रत्येक दिवशी, वीस-पंचवीस वेळा मी तेच वाक्य म्हणते. गुड आफ्टरनून, डिस्पॅच डिपार्टमेंट. ज्या वाक्याने आप्पांना परत पाठवलं त्याच वाक्यावर आमची चूल पेटते. नोकरी सोडावी तर आई आहे, करावी तर वाक्य आहे. माझ्या टेबलाच्या तिन्ही बाजूंना उंच पांढरे पडदे आहेत, आवाज दुसरीकडे जाऊ नये म्हणून. आवाज कुठेच जात नाही. माझ्यापाशीच राहतो. लोक म्हणतात, दुःख ओसरतं. माझं ओसरेलही कदाचित, पण रोज सकाळी साडेनऊला मी ते हेडफोनसारखं डोक्यावर चढवते, मग ते ओसरणार कधी?

मी दोन वर्षं निपाणीच्या बसस्टँडवर उतरले नाही. हायवेच्या फाट्यावर उतरून रिक्षा करते. आईला सांगते, फाटा जवळ पडतो. तिला माहीत आहे की पडत नाही.

या परीक्षेसाठी सरावाचं नवं पुस्तक आणलं. पुस्तक म्हणजे प्रश्नांची रांगच. पुढच्या रविवारी दुपारी घरी पडवीत बसून एकेक प्रश्न मोठ्याने वाचत होते. एका पानावर असं होतं की, तुम्ही नीट हाताळू न शकलेल्या एखाद्या दूरध्वनी संभाषणाचं वर्णन करा. आज तुम्ही काय वेगळं कराल? तयारीला पंधरा सेकंद, बोलायला साठ.

मी पुस्तक मिटलं. अंगणात कावळा ओरडत होता. आई आत पडली होती. साठ सेकंद. मी पुन्हा उघडलं, ‘वन्स आय रिसीव्ह्ड अ कॉल,’ एवढं म्हटलं, आणि पुढे वाटच नव्हती. खोटं उत्तर रचता आलं असतं. हरवलेलं पार्सल, रागावलेला ग्राहक, शेवटी सगळं सुरळीत. पण जीभ खोटं बोलायला तयार नव्हती, आणि खरं उत्तर मलाच अर्धं माहीत होतं. आप्पांनी फोन का ठेवला? मी दोन वर्षं धरून चालले होते की त्यांना वाटलं राँग नंबर लागला. कुणीतरी मोठी मडम बोलते आहे, कशाला उगीच, म्हणून घाबरून ठेवला. आपल्याच लेकीला ते घाबरले, हे माझं गृहीत होतं. मी ते कधी कुणाला विचारलं नव्हतं.

भडंगवाल्याचा तो नंबर माझ्या फोनमध्ये नावाशिवाय होता. पुसला नव्हता आणि त्या दिवसानंतर लावलाही नव्हता. लावला.

चार वेळा वाजला. उचलला गेला. पलीकडे शांतता. मीही बोलले नाही. मुद्दाम नव्हे, शब्दच आला नाही. बसस्टँडचा गोंगाट येत होता, कुठेतरी कंडक्टर गावांची नावं ओरडत होता. दोघंही थांबलो होतो, इथली माणसं थांबतात तसे. मग माझ्याच तोंडून निघालं, “हं.”

“हं,” तो म्हणाला. आणि मग, “बोला की.”

मी कोण ते सांगितलं. “व्हय, व्हय. टोपीवालं आप्पा. इसरतोय व्हय मी? माझ्या गाड्यापुढंच की ओ.”

“त्यांनी तुमचा फोन घेतला होता.”

“माझा बंद पडलाय म्हणालं. पोरगीला सांगायचं हाय, यायलोय म्हणून. मी दिलो. खिशातली वही काढून नंबर लावलं, कानाला धरलं, आन् हसलं.”

“हसले?”

“हसलं की. फोन परत देताना म्हणालं, कामात हाय पोरगी. मी म्हणलो, आप्पा, परत लावा की, काय हुतंय. तर म्हणालं, नको, मधी नको. तिकडं गेल्यावर भेटायचंच हाय.” त्याने कुणाला तरी कन्नडमध्ये थांब म्हणून सांगितलं. “मग बाकावर बसलं जाऊन.”

मी विचारलं, “त्यांना काही होत होतं का? तेव्हा?”

“घाम आलतं जरा. ऊन बी हुतं, ताई. मी पाणी देतो म्हणलो. नको म्हणालं.” मग एकदम म्हणाला, “एकदा या की गाड्यावर. दोन वर्सं झाली, आला न्हाईसा. भडंग घिऊन जावा आईला.”

मी बरं म्हटलं. फोन ठेवला. पडवीतलं ऊन खांबापर्यंत सरकलं होतं.

म्हणजे त्यांनी मला ओळखलं होतं. पोटातून काढलेल्या त्या जाड, परक्या आवाजातही ओळखलं होतं. माझ्या मनात दोन वर्षं एक दार होतं, मी त्यांच्या तोंडावर लावलेलं. आता कळलं की ते त्यांनीच बाहेरून अलगद ओढून घेतलं होतं, आत काम चाललंय म्हणून. मी त्यांना घाबरवलं नाही. पण त्या घामाने भिजलेल्या माणसाने माझ्या कामात मध्ये यायला नको म्हणून मुठीतला फोन परत दिला. पहिलं ओझं उतरलं, आणि त्याच खांद्यावर हे आलं. हे हलकं की जड, मला अजून ठरवता आलेलं नाही. आईला सांगितलं तेव्हा तिने फक्त विचारलं, “हसलं म्हणाला?” मग उठून तिने फळीवरचा डबा उचलला, पदराने पुसला, आणि पुन्हा तसाच पालथा ठेवला.

परीक्षा त्याच्या पुढच्या रविवारी झाली. बेळगावातल्या एका कॉलेजची संगणकाची खोली. दोन उमेदवारांच्या मध्ये लाकडी फळी, कानांवर घामट हेडफोन, समोर पडद्यावर सेकंद दाखवणारी निळी पट्टी. वाचन झालं, मेल लिहून झाला. मेलचा विषय मालाला उशीर झाल्याबद्दल दिलगिरी, आणि ती मी डोळे मिटूनही मागू शकते. मग बोलण्याचा भाग आला. सरावाच्या पुस्तकातला तो प्रश्न आला नाही. आला तो साधाच होता. तुमच्या कार्यालयात एका ग्राहकाचा फोन आला आहे. बीप वाजल्यावर उत्तर द्या. वेळ तीस सेकंद.

बीप वाजली. निळी पट्टी सरकू लागली.

पलीकडे कुणी नव्हतं, हे मला ठाऊक होतं. यंत्र होतं. तरी मी थांबले. एक. दोन. शेजारच्या फळीपलीकडून कुणाचं तरी घाईघाईचं ‘गुड मॉर्निंग’ ऐकू आलं. तीन. यंत्राला म्हणा, कुणाला म्हणा, श्वास घेण्यापुरती जागा असावी असं वाटलं. चौथ्या सेकंदाला मी हळूच म्हटलं, “हं.” आणि त्यानंतर वाक्य म्हटलं, सगळं, शुद्ध, ‘प्लीज’ खाली न पडू देता. आवाज मात्र या वेळी गळ्यातूनच निघाला.

हे लिहायला घेतलं तेव्हा पानं वावरात होती, आता वखारीत आली आहेत. गावातला खकाणा दाट झाला आहे. मागच्या शनिवारी मी बसस्टँडवर उतरले. भडंगाची पुडी घेऊन पायी घरी गेले.

निकाल आला. पास आहे, दोन वर्षांसाठी. टेबल राहिलं, करार राहिला, तिन्ही बाजूंचे पांढरे पडदे राहिले. बोलण्याच्या भागात गुण कमी झाले आहेत आणि शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ आहे, उत्तर सुरू करण्यापूर्वी अनावश्यक विराम. ऑफिसातल्या मॅडमनी ती ओळ वाचून विचारलं, “हे काय? नेट गेलं होतं काय?”

“नाही. थांबले होते.”

“कशाला?”

“सवय आहे,” मी म्हटलं.

दुपारी साडेतीन. फोन वाजतो. मी उचलते. वाक्य तेच आहे आणि ते म्हणायचंच आहे, त्यातून सुटका नाही. पण आधी थांबते. पलीकडे कोण आहे ते अजून कळलेलं नसतं, आणि तेवढा वेळ ते कुणीही असू शकतं.